मैदानाकडे पाठ

"तीन गोष्टी या सभेसमोर ठेवतो. अंतिम सामन्याच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी नमस्कार केला, त्याला या गृहस्थांनी उत्तर दिले नाही. आपल्या कर्णधाराने नाणेफेक जिंकली, तेव्हा कोणती बाजू घ्यायची हे त्याला सांगितले नाही. आणि जिथे तोंड बंद ठेवायला हवे होते तिथे, अगदी शेवटच्या क्षणी, 'धर!' म्हणून ओरडून त्यांनी आपल्याच बचावपटूला समोरच्या खेळाडूचा पाय धरायला लावला आणि हाताशी आलेला चषक घालवला. अशा माणसाचे नाव मैदानाला द्यायचे असेल, तर मग चेंडूला माझे नाव द्या."

शेवटच्या वाक्याला हशा पिकला. मी त्या सभेला होतो आणि हसलो नाही, हे प्रथम सांगून ठेवतो.

वक्ते होते आमच्या पेण-रोहे संयुक्त हॉकी संघाचे विद्यमान अध्यक्ष. पेशाने वकील, गावाने रोहेकर. मीही रोहेकरच, पण मी न्यायालयात नाझर होतो आणि वकिलांची भाषणे ऐकण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. आवाज चढला की पुरावा उतरला, एवढे मला त्या नोकरीने शिकवले. सभेत मला बोलू दिले नाही. 'वेळ संपली' असे कारण सांगितले गेले; नंतर चहा मात्र बराच वेळ चालला. म्हणून हे लिहितो. येत्या रविवारी कासूला पुन्हा सभा आहे. तिथे मत घेऊन ठरणार आहे, की कासूच्या मैदानाला गेल्या पावसाळ्यात वारलेल्या आमच्या पहिल्या व्यवस्थापकाचे नाव द्यायचे की नाही.

त्याच्याविषयी दोन पाठ प्रचलित आहेत. पेणचे लोक म्हणतात, तो द्रष्टा होता. रोह्याचे म्हणतात, त्याने संघ बुडवला. दोन्ही पाठ मला अमान्य आहेत. जो माणूस आयुष्यभर मैदानाकडे पाठ करून बसला त्याला द्रष्टा म्हणणे ही शब्दाची थट्टा आहे; आणि संघ बुडवायचा तर तो आधी तरंगता असावा लागतो. मी त्याचा मित्र नव्हतो. संघाचा सहचिटणीस म्हणून रोहेकरांनी मला नेमले ते त्याच्याशी भांडण्यासाठीच, आणि ते काम मी प्रामाणिकपणे केले. त्याचा उल्लेख मी एकेरी करणार आहे. तोही माझा करीत असे, आणि वर 'नाझरसाहेब' असे लावीत असे.

त्याची पेणला पोह्यांची गिरणी होती. हॉकीची स्टिक त्याने कधी हातात धरली असेल तर ती फक्त अंगणात आलेली गुरे हाकायला. मग हा माणूस हॉकीत आला कसा? पेणकर सांगतात, खेळावरच्या प्रेमाने. साफ खोटे. तो आला रागाने. आमच्या भागात खेळ म्हणजे कबड्डी. कबड्डीच्या मंडळात तो वर्षानुवर्षे खुर्चीवर होता आणि एका निवडणुकीत ती खुर्ची गेली. त्याच सुमारास नागोठण्याकडच्या कंपनीत उत्तरेतून आलेले काही इंजिनीअर संध्याकाळी हॉकी खेळत. माणसे कमी पडली की शिफ्ट संपवून निघालेल्या आमच्या पोरांना बोलावत. पुढे त्यांच्या बदल्या झाल्या आणि स्टिका मागे राहिल्या. याने त्या टेंपोत घातल्या आणि पेणच्या बाजारात उभे राहून जाहीर केले, "कबड्डी त्यांची, तर हॉकी आपली!" हॉकीचे नियम त्याला त्यानंतर पुष्कळ काळाने कळले. काही शेवटपर्यंत कळले नाहीत.

खेळाडू अर्थातच सगळे कबड्डीतले. पहिल्या सामन्यांचे वर्णन करताना मला आजही संकोच होतो. आमचा फॉरवर्ड मध्यरेषेवर पोहोचला की वाकून मातीला हात लावी, तो कपाळाला लावी, मग पुढे जाई. तोवर चेंडू दुसऱ्याकडे गेलेला असे. समोरचा माणूस आमच्या हद्दीत शिरला की आमचे बचावपटू स्टिका काखेत मारून एकमेकांचे हात धरून साखळी करीत. एका पंचाने शिट्टी तोंडातून काढून विचारले, "हे काय चाललंय?" व्यवस्थापक म्हणाला, "पाहुणा आलाय, त्याला घेरतायत."

आता त्याचे गुण सांगतो, कारण दोष सांगायला अध्यक्षमहाशय आहेत.

माणसाला जे द्यायचे नाही तेच त्याच्याकडून काढून घेण्यात त्याचा हात धरणारा मी पाहिला नाही. कासूचे मैदानच घ्या. पेण आणि रोहे यांनी एकत्र संघ काढला खरा, पण सराव कुठे, यावर पहिलीच सभा मोडली. पेणला म्हटले की रोहेकर उठत, रोह्याला म्हटले की पेणकर. याने रेल्वेचा नकाशा पुढे केला आणि मधल्या कासू स्टेशनावर बोट ठेवले. दोन्ही गावे सारखीच नाराज झाली; त्यालाच तो न्याय म्हणे. कासूजवळ खाडीच्या अंगाला एक मोडीत निघालेले मिठागर होते. मीठ पिकवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पायांनी तुडवून तुडवून त्याची जमीन फरशीसारखी सपाट आणि कडक झालेली. मालक दोन चुलतभाऊ, एकमेकांचे तोंड न बघणारे. हा एकाकडे गेला आणि म्हणाला, "तुमचा भाऊ जमीन द्यायला तयार नाय. म्हणतो, तुम्ही तर मुळीच देणार नाय." मग दुसऱ्याकडे जाऊन तेच. आठवडा उलटायच्या आत दोघांनी हट्टाने जमीन दिली. दोघेही आजतागायत समजतात की दुसऱ्याचे नाक कापले.

संघाच्या नावाचेही तसेच. आधी पेण की आधी रोहे, यावर मी स्वतः फार उत्तम मुद्दे मांडले होते. त्याने ते ऐकून घेतले आणि जर्सी शिवून आणली. पुढे 'पेण-रोहे', पाठीवर 'रोहे-पेण'. मी म्हटले, "हा पोरखेळ आहे." तो म्हणाला, "नाझरसाहेब, तुमची पोरं पुढं पळतील तेव्हा मागून रोहे दिसंल. मागं राहिली तर पेण दिसंल. कोण दिसावं ते तुमीच ठरवा."

खुर्चीविषयी मात्र सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे चुकीचे सांगतात. सामना सुरू झाला की तो बाजूच्या रेषेपाशी लाकडी खुर्ची मांडी आणि मैदानाकडे पाठ करून, प्रेक्षकांकडे तोंड करून बसे. पेणकर म्हणतात ती अंधश्रद्धा होती. रोहेकर म्हणतात त्याला खेळ कळत नव्हता, म्हणून लाज वाटे. मी त्याला सरळ विचारले होते. म्हणाला, "चेंडू कुठंबी जातो. माणसाचं तोंड जायचं तिथंच जातं. त्यांच्या तोंडावर मला मॅच दिसते." आणि खरोखर दिसे. समोर बसलेल्या म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या की हा मान न वळवता ओरडे, "उजवीकडनं शिरतोय, झोपलात काय रं!" उजवीकडून कोणी तरी शिरतच असे.

माणसे निवडण्याची त्याची रीत अशीच आडमुठी होती. धरमतरच्या जेट्टीवर तो सकाळी जाऊन बसे आणि बार्जवरून धक्क्यावर उडी मारणारे खलाशी न्याहाळी. ज्याचा पाय घसरला नाही तो हवा, हे कोणीही म्हणेल. हा म्हणे, ज्याचा घसरला आणि तरी पडला नाही तो हवा. मिठागरावर लांब दांड्याच्या फावड्याने दिवसभर मीठ ओढणारे दोन भाऊ त्याने हाफबॅक केले. त्यांना स्टिक कशी धरायची ते शिकवावेच लागले नाही. ती आखूड आहे अशी मात्र त्यांची कायम तक्रार होती.

आणि मग आमचा फुलबॅक, ज्याच्यावरून हे सारे रामायण. आंबा नदीला पूर आला होता आणि नागोठण्याच्या बाजारपेठेत पाणी शिरले होते. व्यवस्थापक तिथे पोहे पोहोचवायला गेला आणि अडकला. एका दुकानाच्या माळ्यावरून त्याने पाहिले, की कमरेएवढ्या पाण्यात एक तरुण वाहून चाललेल्या म्हशीचे शिंग धरून उभा आहे. म्हैस ओढते आहे, पाणी ओढते आहे, लोक ओरडताहेत 'सोड, सोड', आणि तो सोडत नाही. पाणी ओसरल्यावर कळले की म्हैस त्याची नव्हतीच. व्यवस्थापकाने तिथल्या तिथे ठरवले. "दुसऱ्याची म्हैस जो सोडत नाय," तो मला म्हणाला, "तो फॉरवर्डला काय सोडणार?"

मी त्याच वेळी म्हटले होते, की हॉकीत फॉरवर्डला धरायचे नसते. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहिले.

तो तरुण तेव्हा नागोठण्याकडच्या एका गावठी संघात खेळत होता. तो संघ त्याला सोडीना. तेव्हा व्यवस्थापकाने अदलाबदल केली: आमचा एक फॉरवर्ड त्यांना दिला आणि बदल्यात फुलबॅक घेतला, वर गोलरक्षकाचे पॅड. बोलणी पोपटीवर, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांवर झाली. मडके उघडेपर्यंत ते लोक 'नाही' म्हणत होते, मडके रिकामे झाले तेव्हा 'हो' म्हणाले. आम्ही जो फॉरवर्ड दिला तो रोह्याचा होता. दिसायला देखणा, पळायला सुंदर, भांग मैदानातही न विसकटणारा. व्यवस्थापकाने त्याला निरोप देताना म्हटले, "तू पळतोस झकास. पण कुठं ते तुला म्हायत नाय, चेंडूला म्हायत नाय. मग आमाला कशाला दमवतोस?"

हा फॉरवर्ड विद्यमान अध्यक्षांचा धाकटा भाऊ. मी यातून काही सूचित करीत नाही. नुसते सांगतो.

दोष? त्याचा दोष एकच, आणि तो तोंडात होता. जीभ म्हणजे नुसते कोयते. सामना जिंकला तरी शिव्या, हरला तरी शिव्या, बरोबरी झाली तर दोन्ही. गोलरक्षकाने चेंडू चुकवला तर, "घाबरतोस काय? तो तुझ्यापेक्षा ल्हान हाय!" एका पंचाला त्याने विचारले होते, "शिट्टी वाजवता ती सामन्याची, का कोणाला बोलावताय?" त्याच्या बोलण्याला कंटाळून दोन चांगले खेळाडू गेले, एक कर्णधार रडला आणि खजिनदाराने पद सोडले. अध्यक्षांनी हे मुद्दे घेतले असते तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. खरे दोष हाताशी असताना खोटा दोष निवडणे हे वकिलाला शोभत नाही.

त्याच्या घरी मी वाद घालायला जाई तेव्हा तो ओटीवरूनच आत ओरडे, "चहा टाक गो, रोह्याचं कोर्ट आलंय!" बायको आतून म्हणे, "साखर किती, ते..." हा म्हणे, "भांडायला आलाय, दोन चमचे जास्त घाल." त्या बाईंना मी त्या घरात कधी पूर्ण वाक्य बोलताना ऐकले नव्हते. त्या सुरुवात करीत आणि शेवट तो करी.

आता अंतिम सामना. तो आमच्याच मैदानावर झाला, शिमगा उलटून थोडेच दिवस झाले होते. समोरचा संघ पनवेलच्या बाजूचा, सगळे शिकलेले, बूट घातलेले. मोबाइलवर प्रत्येक गोष्टीचे चित्रण होऊ लागण्याच्या आधीचा काळ. म्हणून तर इतके पाठ तयार झाले.

आदल्या संध्याकाळी मी आणि तो प्रेक्षकांवरून भांडलो. माझे म्हणणे, पेणचे लोक एका बाजूला आणि रोह्याचे दुसऱ्या बाजूला बसवावेत. शिस्त राहील, आणि आमची संख्या जास्त आहे हेही दिसेल. त्याचे म्हणणे, दोन्ही गावे एकाच बांधावर, एकमेकांना खेटून बसतील. "मी एकच खुर्ची आणलीय. दोन्ही बाजूंना तोंड करून बसू कसा?" कासू स्टेशनापासून मैदानापर्यंत आम्ही भांडलो, मैदानापासून स्टेशनापर्यंत भांडलो, रोह्याची गाडी आली आणि गेली, तरी फलाटावर भांडत राहिलो. स्टेशनमास्तर बाहेर येऊन म्हणाले, "काका, कोणी तरी हरा ना, मला कुलूप लावायचंय." मी हरलो नाही, पुढची गाडी आली, एवढेच. लोक बसले मात्र एकाच बांधावर.

सामन्याच्या सकाळी तो गळ्याला मफलर गुंडाळून आला. उन्हाचा कडाका वाढला होता. लोक म्हणाले, प्रमुख पाहुण्यांसाठी थाट केला आहे. पाहुणे आले, त्यांनी हात जोडून "आपले कार्य मोठे आहे" वगैरे म्हटले. त्याने फक्त हात जोडले आणि मान झुकवली. पाहुणे थांबले, वाट पाहिली, मग कसनुसे हसून पुढे गेले. अध्यक्षांचा पहिला आरोप खरा आहे.

दुसराही खरा आहे. आमचे मैदान खाडीच्या बाजूला किंचित उतरते आहे. भरती चढू लागली की दुसऱ्या सत्रात त्या अर्ध्या भागात जमीन ओलावते आणि चेंडू रुतू लागतो. परक्या संघाला ते ठाऊक नसते. व्यवस्थापक भरती पाहूनच सामन्याची वेळ ठरवी आणि दुसऱ्या सत्रात आपला गोल खाडीकडे येईल अशी बाजू घ्यायला लावी, म्हणजे समोरच्यांचा हल्ला चिखलात बसे. याला कोणी लबाडी म्हणेल. तो भूगोल म्हणे. त्या दिवशी कर्णधाराने नाणेफेक जिंकली आणि सवयीने खुर्चीकडे पाहिले. नेहमी तिथून एक हाक येई, तीत बाजूही असे आणि कर्णधाराच्या आजोबांचा उद्धारही. त्या दिवशी नुसता एक हात हवेत हलला. कर्णधाराने त्याचा अर्थ 'तुला हवी ती घे' असा लावला आणि नेमकी उलटी बाजू घेतली.

मध्यंतरात त्याने सगळ्यांना गोळा केले, एकेकाच्या स्टिकवर टिचकी मारली, एकेकाच्या डोळ्यांत पाहिले आणि जाऊन पुन्हा खुर्चीवर बसला. खेळाडू चक्रावले. शिव्या नाहीत म्हणजे प्रकरण गंभीर आहे, असे समजून ते दुसऱ्या सत्रात असे खेळले की तसे ना आधी खेळले, ना नंतर. एक-एक अशी बरोबरी होती आणि समोरचा संघ दमला होता. मलाही त्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखे होत होते. सकाळपासून त्याने माझा एकही मुद्दा खोडला नव्हता. मी दोन-तीन मुद्दे तर केवळ सवयीने काढले होते.

आणि अगदी शेवटी त्यांचा सेंटर फॉरवर्ड सुटला. ओलसर भाग त्यांच्या गोलापाशी होता आणि आमच्यासमोर होती ती फरशीसारखी कडक जमीन. तिच्यावरून चेंडू त्याच्या पुढे पुढे पळत होता. आमचे दोन्ही हाफबॅक मागे पडले. तो गोलासमोरच्या डीमध्ये शिरला. समोर एकटा फुलबॅक. त्याच क्षणी आवाज उठला: "धर!"

फुलबॅकने स्टिक टाकली, गुडघ्यावर बसला आणि फॉरवर्डचा घोटा धरला. पकड इतकी सुरेख होती, की कबड्डी असती तर मैदान डोक्यावर घेतले असते. पंच क्षणभर शिट्टी वाजवायला विसरले. मग पेनल्टी स्ट्रोक, गोल, आणि चषक पनवेलच्या गाडीने गेला. पंच ओरडत होते तरी आमचा गडी घोटा सोडीत नव्हता, हेही सांगायला हवे. चौघांनी मिळून सोडवला.

खेळ संपताच आमचे आजचे अध्यक्ष, तेव्हा साधे सभासद, खुर्चीपाशी धावत आले. "तुम्हीच ओरडलात! कबड्डीची सवय! तुम्हीच!" सगळे भोवती जमले. व्यवस्थापकाने त्यांच्याकडे पाहिले, सर्वांकडे पाहिले आणि काहीही न बोलता खुर्ची उचलून स्टेशनाकडे चालू लागला. त्या न बोलण्यालाच सगळ्यांनी कबुली मानले. न्यायालयात मौन ही कबुली नसते. पण तिथे न्यायालय नव्हते, हरलेली दोन गावे होती.

फुलबॅकला मी गेल्याच महिन्यात भेटलो. खारेपाटात त्याची भातशेती आहे. बाजारात अजूनही त्याला पोरे विचारतात, "काका, पाय धरू का?" मी त्याला विचारले, की आवाज कोणाचा होता, आठवून सांग.

तो बांधावर बसून बिडी ओढत होता. "साहेब, एका मान्साचा नव्हता तो."

"म्हणजे?"

"एका मान्साचा आवाज कानात येतो. ह्यो पायातनं आला. बांध हालल्यावानी. म्हस धरली तवाबी लोक ओरडत व्हते, पन 'सोड सोड' ओरडत व्हते, म्हून मी ऐकला नाय. हितं समदी 'धर' बोलली. पेनवालीबी आन रोह्यावालीबी. मी बोललो, दोनी गावा एक बोलतात म्हंजी बराबरच आसंल."

"मग हे इतक्या वर्षांत कोणाला सांगितलंस का नाही?"

"कोनी इचारलाच नाय. समदी सांगाय येत व्हती, इचाराय कोन येतो?"

हीच गोष्ट मी खुद्द व्यवस्थापकाला विचारली होती, सामन्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, त्याच्या गिरणीत. चषक गेला म्हणून त्याला शिव्या द्यायला लोक अजून येत होते आणि आलेच आहोत म्हणून पोहे घेऊन जात होते. त्याचा धंदा इतका कधीच चालला नव्हता. म्हणून त्याच्या त्यागाविषयी कोणी गहिवरून बोलू लागले तर मी त्याला थांबवतो.

मी म्हटले, "तू ओरडला नाहीस, हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मग कोण ओरडले?"

तो चाळणीतले पोहे हाताने सारखे करीत होता. "माझं तोंड कुठं होतं?"

"बांधाकडे."

"मग मला काय दिसलं आसंल?" त्याने वर पाहिले. "सगळी तोंडं, नाझरसाहेब. एकदम उघडली. सगळ्यात मोठं तुमच्या त्या वकिलाचं. आन त्याच्या शेजारी तुझं."

हे विधान मी तेव्हाही साफ नाकारले आणि आजही नाकारतो. मी त्या वेळी जांभई देत होतो.

"मग सांगत का नाहीस सगळ्यांना?"

"काय सांगू? तुमीच ओरडलात, तुमीच हरवलंत? उद्या पोरं सरावाला कोण पाठवील? चूक एकाची झाली म्हणजे संघ राहतो. सगळ्यांची झाली तर सगळे घरी बसतात." मग तो हसला, आणि तो हसला की मला राग येई. "आन एक बघ. पेण आन रोहे एका वेळी एक शब्द बोलले, ते कुणी तरी बघितलं. नशीब, मी मैदानाकडं तोंड करून बसलो नव्हतो. तुला जे म्हायत हाय ते तूबी बोलायचं नाय. मी जिवंत हाय तोवर."

"आणि कोणी विचारलंच तर?"

"तर मीच ओरडलो आसन म्हण. मी नेहमीच ओरडतो."

मी शब्द दिला, वाद घालून दिला, आणि पाळला. आता शब्द घेणाराच नाही, तेव्हा मी मोकळा आहे. त्याचे नाव मैदानाला द्यावे, असे मी रविवारी म्हणेन. तो थोर होता म्हणून नव्हे. तो भांडकुदळ होता, हट्टी होता, हॉकीतला ऑफसाइड त्याला ओळीने तीन मोसम समजावून मी थकलो आणि नंतर तो नियमच निघून गेला, तेव्हा तो मला म्हणाला, "बघ, मी थांबलो म्हणून माझा वेळ वाचला." पण मैदान त्याने मिळवले, माणसे त्याने आणली, आणि ज्या एका गुन्ह्यासाठी त्याचे नाव पुसायला निघालात तो त्याने केलेला नाही. पाहुण्यांना उत्तर नाही, कर्णधाराला हाक नाही, हे अध्यक्षमहाशयांनी स्वतः सांगितले; मध्यंतरात शिवी नाही, हे सगळ्यांनी पाहिले; आणि तरी त्यांना चौथी गोष्ट सुचली नाही. मला ती सामन्याच्या सकाळीच कळली होती. मी त्याच्या घरी वाद पुढे चालू करायला गेलो, त्याने तोंड उघडले, सायकलच्या पंपातून निघते तशी नुसती हवा निघाली, आणि त्याने दोन्ही हात जोडून मला गप्प राहायची खूण केली. आतून चहा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोने माझ्यासमोर एक वाक्य सुरू केले आणि पहिल्यांदाच तिनेच ते संपवले:

"काल तुमच्याशी भांडून आल्यापासून यांचा आवाज पार बसलाय, एक अक्षर फुटत नाय."